तीन नंबर सांडत नाही

तीन नंबरच्या मशीनचं नोझल अकरा महिन्यांपासून बिघडलेलं होतं, आणि ही गोष्ट मावशी सोडून पंपावर कुणालाच मान्य नव्हती.

बिघडलेलं म्हणजे काय, तर गाडीची टाकी भरली की नोझलनं आपणहून ‘खट्’ करून पेट्रोल बंद करायचं असतं. बाकीची पाच मशीनं ते शहाण्यासारखी करायची. तीन नंबर मात्र टाकी काठोकाठ आली, वरून वाहायला लागली, गाडीवाल्याची पॅन्ट भिजली तरी आपलं ओततच राहायचं. मुठीतला खटका सोडला तरच ते थांबे. तो कधी सोडायचा हे मावशींना कळायचं, कारण मावशी ऐकायच्या. रिकाम्या टाकीचा आवाज जाड असतो, घुमतो. टाकी भरत आली की तो चढत जातो, बारीक होतो, आणि शेवटच्या चार बोटांत शीळ घातल्यासारखा होतो. ती शीळ सुरू व्हायच्या आत मावशींची मूठ सैल पडायची. गाडी कुठलीही असो. अकरा महिन्यांत त्यांच्या हातून एक थेंब सांडला नव्हता.

यात कुणाला फार कौतुक वाटलं, तर त्यानं रोज आठ तास कान टवकारून उभं राहून बघावं. मागे बसचा हॉर्न, पुढे गाडीवाला फोनवर ओरडतोय, त्याच्या मागचा ‘आटपा हो लवकर’ म्हणतोय, आणि आपण एका टाकीच्या पोटातला आवाज ऐकतोय! दुपारी घरी गेल्यावर मावशींना कुणाचं बोलणं ऐकवायचं नाही. आणि घरी तर नवऱ्याचा खोकला. दोन वर्षं त्याची छाती धरलेली, रात्रभर खोकायचा. खोकला चढत गेला की झोपेतसुद्धा मावशींची उजवी मूठ सैल व्हायची. आता बोला.

तक्रार केली नव्हती असं नाही. मॅनेजरला सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं. पण रोज मरे त्याला कोण रडे! मॅनेजर माणूस वाईट नव्हता, फक्त त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. “मावशी, मशीन खराब असतं तर तुमच्या हातून सांडलं नसतं का?” आणि मावशींच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या हातून सांडलं, की हाच मॅनेजर त्याला झापायचा, “मावशींच्या हातून कसं सांडत नाही रे? लक्ष कुठे असतं तुझं?” म्हणजे मावशी चांगल्या, मशीन चांगलं, आणि बाकी सगळं जग निष्काळजी.

मेकॅनिकही चार वेळा येऊन गेला होता. पण त्याच्या कंपनीचा एक नियम होता. चालू मशीनच्या नोझलला मेकॅनिकनं हात लावायचा नाही. पूर्वी कुठेतरी पेट्रोल सांडून आग लागली होती, तेव्हा नोझल कुणाच्या हातात होतं यावरून कंपनी आणि पंपवाले वर्षभर भांडत बसले. तेव्हापासून ठरलं, की पेट्रोल भरायचं पंपाच्या माणसानं, मेकॅनिकनं बाजूला उभं राहून बघायचं, आणि स्वतःच्या डोळ्यांनी दोष दिसला तरच मशीन बंद करून उघडायचं. मग काय, समोर येईल ती गाडी लावायची, मावशींनी नोझल घालायचं, ‘आज सांडायचंच’ असं दातओठ खाऊन ठरवायचं, आणि आवाज चढला की मूठ आपोआप सैल. जित्याची खोड! मूठ सोडली तरी खटका ‘खट्’ असाच वाजतो, त्यामुळे नोझल थांबलं की मावशी थांबल्या हे बघणाऱ्याला कळणार कसं? मेकॅनिक वहीत लिहायचा, ‘दोष आढळला नाही’, आणि चष्म्यावरून मावशींकडे बघायचा. त्या बघण्याची मावशींना इतकी लाज वाटायची, की चौथ्या वेळेनंतर त्यांनी तक्रारच सोडली. आपण आहोत तोवर चाललंय, चालू दे, म्हणाल्या.

दुपारी माणूस कमी, म्हणून तीन नंबर आजवर दोननंतर बंदच असायचं. पण येत्या सोमवारपासून दुपारच्या पाळीला तीन नंबरवर त्यांची सून उभी राहणार होती.

सुनेला कामाला लावलं ते मावशींनीच. मुलगा परगावी नोकरीला, नात शाळेत जायला लागलेली, आणि सून दिवसभर सासऱ्याचा खोकला ऐकत घरात बसलेली. तिनंच एकदा म्हटलं, “आई, मलाही घ्या ना तुमच्याकडे.” मावशींनी शब्द टाकला, मॅनेजर लगेच हो म्हणाला, आणि वर म्हणाला, “मावशींच्या घरचंच माणूस म्हणजे तीन नंबरची चिंता मिटली.” तेव्हा मावशी स्वतःवरच चरफडल्या. ही कुठली बला आपण आपल्याच हातानं घरात आणली!

आठवडाभर त्यांनी सुनेला शेजारी उभं करून शिकवलं.

“ऐक. आता चढला.”

“काय चढला, आई?”

“आवाज गं! कान आहेत का भोकं?”

सून मान वाकडी करून, डोळे मिटून ऐकायची. गुणी पोर. पण तिला सगळं सारखंच वाटायचं. गुरुवारी एका मोटारसायकलमध्ये भरताना तिच्या हातून सांडलं. पेट्रोल टाकीवरून ओघळलं, खाली तापलेल्या सायलेन्सरवर पडलं आणि भस्सकन वाफ उठली. झालं काहीच नाही. मोटारसायकलवाला शिव्या देत निघून गेला. सून छातीवर हात ठेवून हसली, “वाचलो बाई!” मावशींना हसू आलं नाही. त्या तशाच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरल्या आणि आयुष्यात कधी चढवला नव्हता एवढा आवाज चढवला.

“उद्या माझी सून पेटली तर कुणाच्या वहीत लिहिणार, दोष आढळला नाही म्हणून?”

मॅनेजर घाबरला. शनिवारी मेकॅनिकला बोलावतो म्हणाला. “पण मावशी, हे शेवटचं हं. या वेळी काही निघालं नाही, तर मी परत त्यांच्यापुढे तोंड उघडणार नाही. आणि सोमवारी तीन नंबर सूनबाईंचं.”

शनिवारी अकरा वाजता मेकॅनिक आला. पन्नाशीचा, पाठीत वाकलेला, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस. त्यानं तीन नंबरसमोर दोऱ्या लावल्या, वही उघडली, तारीख घातली आणि म्हणाला, “हं मावशी, बोला.” मॅनेजरनं स्वतःची स्कूटर आणून लावली.

मावशींनी नोझल घातलं. सकाळपासून त्या हाताशी बोलत होत्या. बाबा रे, आजचा दिवस ऐक माझं. आवाज जाड होता, मग चढायला लागला. त्यांनी दात आवळले, मूठ आवळली, मान दुसरीकडे वळवली. कशाचं काय! खट्. टाकीत बघावं तर दोन बोटं जागा शिल्लक.

“थांबलं की,” मेकॅनिक म्हणाला.

“ते नाही थांबलं, मी थांबले!”

“मग थांबू नका ना.”

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मावशींना वाटलं, हा हात मनगटापासून काढावा आणि याच्या वहीवर ठेवावा.

मग त्यांच्या डोक्यात आलं, की सुनेला धरू द्यावं. तिच्या हातून सांडेल, नक्की सांडेल, आणि सांडल्याशिवाय तर सुटका नाही. मेकॅनिकनं विचारलं, “पंपाच्याच ना या? मग चालेल.” कॅशियरची मोटारसायकल सकाळपासून सावलीत उभी होती, गार होती, ती ढकलत आणली. मावशींनी सायलेन्सरला दोनदा हात लावून बघितला. मग चार पावलं मागे गेल्या आणि दोन्ही हात पाठीशी एकमेकांत गुंतवून उभ्या राहिल्या.

सुनेला तिच्या मापाचा शर्ट अजून मिळाला नव्हता. मोठ्या बाहीतून तिचं बारीकसं मनगट बाहेर आलेलं. ती मन लावून भरत होती, सासूकडे बघतही नव्हती. तिला सांगितलं होतं फक्त, ‘भर’. आवाज चढला. मावशी मनात म्हणत होत्या, सांडू दे, सांडू दे, थोडंच सांडेल, गार आहे सगळं. आवाज बारीक झाला. शीळ लागली.

“सोड!”

अशा ओरडल्या, की सहा नंबरवरच्या गाड्यांतली माणसं वळून बघायला लागली. सुनेनं चटका बसल्यासारखा हात उघडला. एक थेंब सांडला नाही.

मॅनेजरनं कपाळावर हात मारून घेतला. “मावशी, अहो काय करता! बघा, जमलं ना त्यांनाही?” आणि तो केबिनकडे चालता झाला. मेकॅनिकनं वहीत लिहिलं. मावशींना अक्षर न बघताही कळलं काय लिहिलं ते. सून खालमानेनं दोऱ्या सोडायला गेली, बाहेर तीन गाड्या ताटकळत होत्या. मावशींना रडावंसं वाटत होतं, पण रडायला सुद्धा अंगात जोर लागतो. संपलं. सोमवारी दोन वाजता ही पोर इथं उभी राहणार आणि आपण घरी बसून घड्याळ बघणार.

“आलोच आहे, तर माझी व्हॅन भरून द्या मावशी,” मेकॅनिक म्हणाला. “लांब जायचंय.”

व्हॅन पुढे आली. मावशींनी नोझल घातलं, मूठ दाबली. मेकॅनिक वही पिशवीत घालून, चष्मा गळ्यात सोडून शेजारी उभा राहिला. त्यानं बघितलं, की मावशी उजव्या पायावरचा भार डाव्यावर घेतात, डाव्यावरचा पुन्हा उजव्यावर. तो सहज म्हणाला, “दमलात ना मावशी?”

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. प्रश्न तसा काहीच नव्हता. दिवसभर त्यांना माणसं प्रश्नच तर विचारायची. नवरा विचारायचा, औषध कुठे ठेवलंस. मुलगा फोनवर विचारायचा, बाबा कसे आहेत. मॅनेजर, किती गाड्या झाल्या. नात, माझा मोजा कुठे. सगळ्यांना त्यांच्याकडून काही ना काही हवं असायचं, आणि त्या बिनचूक सांगायच्या. हे मात्र कुणी विचारलं नव्हतं. कधीपासून नव्हतं, ते त्यांना आठवेना.

“दमले हो,” त्या म्हणाल्या. “खूप दमले. झोपायला आडवी होते ना, तर कान झोपतच नाहीत. ते आपले ऐकतच बसतात. मला ना कधीकधी वाटतं, कुणीतरी यावं आणि म्हणावं, मावशी, आता नका ऐकू, आता आम्ही ऐकतो. तुम्ही नुसत्या...”

“मावशी! हात! हात सोडा!”

पेट्रोल व्हॅनच्या अंगावरून धो धो वाहत होतं. मावशींचे बूट भिजले, मोजे भिजले, पायाखाली डबकं झालं, तरी त्यांना पत्ता नव्हता. मेकॅनिकनं धावत जाऊन भिंतीवरचं लाल बटण दाबलं. सहाच्या सहा मशीनं बंद पडली. कुणीतरी वाळूच्या बादल्या आणल्या. “गाड्या चालू करू नका कुणी! मागे ढकला, ढकला!” सगळं आवरायला पंधरा मिनिटं गेली.

मेकॅनिकनं पिशवीतून वही परत काढली. आधीची ओळ आडवी खोडली, खाली लिहिलं, ‘दोष डोळ्यांनी पाहिला. मशीन बंद केले.’ आणि तीन नंबरच्या नोझलला तार गुंडाळून सील ठोकलं. नवं नोझल बसवून तपासल्याशिवाय आता ते कुणालाच वापरता येणार नव्हतं, सोमवारी नाही की मंगळवारी नाही. मॅनेजर कुणीतरी गेल्यासारखा चेहरा करून उभा होता.

“तुमच्या हातून, मावशी?”

“माझ्या हातून,” मावशी म्हणाल्या.

मागच्या नळावर सुनेनं त्यांचे बूट काढले, मोजे काढले, एक बादली उलटी घातली आणि त्यांना त्यावर बसवलं. मग खाली उकिडवी बसून ती त्यांच्या पायांवर मगानं पाणी ओतायला लागली. साबण लावला, टाचा चोळल्या. टाचांना भेगा होत्या, पेट्रोलनं झोंबत होत्या, पण मावशींनी पाय मागे घेतले नाहीत.

“आई, लक्ष कुठे होतं तुमचं? जीव गेला असता माझा इथल्या इथे.”

“त्यानं विचारलं, दमलात ना म्हणून.”

“मग?”

“मग काय. मी सांगायला लागले, आणि सांडलं.”

सुनेचा हात थांबला. सहा वर्षं ती त्या घरात होती. सासू पहाटे उठून जाते, येते, जेवण झाकून ठेवते, औषधं देते, हे सगळं तिनं रोज पाहिलेलं होतं. आणि तिनंही रोज काही ना काही विचारलेलंच होतं. तिचे डोळे भरून आले, ते तिनं त्या मोठ्या बाहीला पुसले.

“पुढचं सांगा,” ती म्हणाली.

“काहीतरीच. पाळी संपायला अजून दोन तास आहेत.”

“मशीन बंद आहे, आई. कुठे जायचंय तुम्हाला? सांगा.”

सांगण्यासारखं इतकं साठलं होतं, की कुठून धरावं तेच कळेना. सून पायांवर पाणी ओतत राहिली, घाई न करता, एकेक मग. शेवटी मावशींनी दुखऱ्या गुडघ्यांपासून सांगायला सुरुवात केली.