अंगठेबहाद्दर

मुलं त्यांना खडूबाई म्हणायची. मुलं यायच्या आधी रंगीत खडूंनी फळाभर चित्र काढून ठेवायच्या, म्हणून.

तरुणपणी बाई मार्कांच्या शाळेत होत्या. शाळा कसली, चरक! मूल घालायचं, टक्के पिळून काढायचे, चोथा फेकायचा. देवावरचा विश्वासही तिथंच उडाला. मग एकदा मार्कांऐवजी रंग, मेण, मातीतून शिकवणाऱ्या वॉल्डॉर्फ पद्धतीच्या शाळेच्या दारात त्यांनी पाहिलं : शिक्षिका एकेका मुलाचा हात हातात घेऊन, डोळ्यांत बघून, त्याला नावानं आत घेत होती. बाई थिजल्याच. प्रार्थना म्हणतात ती हीच की!

नवरा म्हणाला, "मेणाचे गोळे वळायला चाललीस? ती शाळा, नाहीतर मी."

बाई शाळेत गेल्या.

पहिलीपासून आठवीपर्यंत एकच वर्ग सांभाळायचा, ही तिथली रीत. आठ वर्षं पोटच्या पोरांसारखी वाढवायची आणि हात हलवून मोकळं व्हायचं. असे तीन वर्ग गेले. घरी हात धरणारं कुणी नव्हतं. दारातल्या त्या इवल्या हातांवरच बाईंचं निभलं.

यंदा नवे व्यवस्थापक आले आणि दारात हजेरीचं यंत्र बसलं.

"अंगठा टेकवला की टिंग! तुमच्या त्या हात मिळवण्यात वेळ किती जातो, बाई."

"हात धरला की कळतं, कोण रडून आलंय, कोण मार खाऊन."

"यंत्रात तो रकाना नाही. टेकवा अंगठा."

बाईंनी टेकवला. यंत्र गप्प. पुन्हा टेकवला. गप्पच. खडूनं आणि ओल्या रंगांनी अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्या होत्या.

"घ्या! जन्मभर शिकवलं, आणि साधं अंगठेबहाद्दर होता येईना," बाई हसल्या. एकट्याच.

मुलं आली. बाई हात पुढे करून उभ्या. पण टिंग ऐकायला पोरं एकमेकांना ढकलत यंत्राकडे धावली. त्यांना काय बोलायचं? खुळखुळा देणाऱ्याच्या अकलेला बोला. बाईंचा हात हवेतच राहिला.

सगळ्यांत शेवटी एक चिमुरडी आली. टिंग झालं. मग तोच अंगठा तिनं बाईंच्या तळव्यावर दाबला.

"तुम्ही पण टिंग म्हणा ना!"

"टिंग," म्हणत बाईंनी तिचा हात धरला आणि दचकल्या. पोरगी तापानं फणफणली होती. यंत्रानं तिला खुशाल हजर करून घेतलं होतं.

आईला निरोप धाडून बाई तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. व्यवस्थापक आले.

"वर्गात दंगा चाललाय. आणि तुमची तर आज हजेरीच नाही!"

"मग गैरहजर माणसाला दटावता कशाला?"

आई आली, पोरीला घेऊन गेली. बाईंचा तळवा अजून गरम होता. त्या वर्गात गेल्या आणि पहिल्या बाकापाशी हात पुढे केला.

बाकावरच्या मुलानं हाताकडे बघितलं. "आता कशाला, बाई? हजेरी लागली की."

"माझी लागायचीय अजून," बाई म्हणाल्या.