एक उडीद

“मूठ झाकून टाका बे, कोनी कोनाकडे पाहू नका,” असं म्हणत शेषरावने मडकं खोलीच्या मधोमध ठेवलं. रविवारची सकाळ होती. भिलाईजवळच्या सुपेल्यात एका कौलारू घरात सात माणसं मांडी घालून बसली होती आणि स्वयंपाकीण गिरजाबाई प्रत्येकाच्या हातावर एक तांदळाचा आणि एक उडदाचा दाणा ठेवत चालली होती.

ही रीत शेषरावचीच. भिलाईचा कारखाना उभा राहत होता, गाड्या भरभरून माणसं उतरत होती, आणि डोक्यावर छप्पर मिळेल तर शपथ. शेषराव रिव्हेट मारायच्या टोळीवर आला तेव्हा महिनाभर झाडाखाली झोपला. मग त्याने नागपूरकडची माणसं एकेक करून जमवली, हे घर भाड्याने घेतलं आणि नियम घातले. दारू घरात आणायची नाही, जात विचारायची नाही, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं. नवा माणूस घ्यायचा तर मडक्यात दाणे टाकायचे. सगळे तांदूळ निघाले तर तो घरातला. एक जरी उडीद निघाला तरी त्याने दुसरं घर बघावं. “मन जुळल्याबिगर मानूस नाई,” असं शेषराव छाती काढून सांगायचा. जात विचारायची गरज तशी कधी पडलीच नव्हती. आडनावांवरून सगळ्यांना सगळ्यांची ठाऊक होती.

आज प्रश्न कवडूचा होता. कवडू शेषरावच्याच टोळीतला, भंडाऱ्याकडच्या एका गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतला. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि ते तो लपवत नव्हता. तो राहायचा त्या मजुरांच्या झोपड्या आता मोडायला काढल्या होत्या. सुपेल्यात चार घरी त्याने खोली विचारली, चारही घरांनी आधी आडनाव विचारलं. शेवटी शेषरावच म्हणाला होता, “माह्या घरी ये ना बे. कावून वनवन फिरून राहिला?” म्हणणारच. पावसाळ्यात मचाणावरून पाय सटकला तेव्हा कवडूनेच त्याला कमरेला धरून वर ओढलं होतं.

“कवडू म्हनजे सोनं आहे सोनं,” शेषराव मंडळींना म्हणाला. “मी त्याच्याच भरोशावर वर चढतो. तुमी आपल्या मनानं ठरवा.”

“ठरवायचं काय त्यात?” नकाशे काढणारा श्रीधर म्हणाला. तो शिकलेला, पुण्याला राहून आलेला. “आपण नव्या भारताचा कारखाना बांधतो आहोत. इथे तरी हे चालता कामा नये.”

कोपऱ्यात भाऊराव बसले होते. रेल्वेतून निवृत्त होऊन इथे भांडारात लागलेले, साठीला टेकलेले. कोनाड्यात त्यांचे देव. अंघोळीशिवाय ते पाण्याच्या माठाला हात लावत नसत.

त्यांना पाहून शेषरावला बरं वाटलं. खरं सांगायचं तर कवडूला ये म्हटल्याचा तो तीन दिवस पस्तावा करत होता. धाकट्या बहिणीची सोयरीक गोंदियाला ठरत आली होती, आणि दुर्ग-गोंदिया रेल्वे लाइनवर बातमी गाडीच्या आधी पोचते. पोरीचा भाऊ कोणाच्या पंगतीला बसतो हे तिकडे कळलं तर? पण भाऊराव उडीद टाकणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. आणखी दोघं-तिघं टाकतीलच. परस्पर सुंठीवाचून खोकला जाईल. मग चार उडदांत खात्रीसाठी आपलाही एक गेला तर कोणाच्या लक्षात येतं?

त्याने झाकल्या मुठीने उडीद टाकला. उरलेला तांदूळ इतरांसारखाच गिरजाबाईच्या पिशवीत सोडला.

श्रीधरने मडकं सुपात उपडं केलं. सहा तांदूळ आणि एक उडीद.

शेषरावने सुपातले दाणे मनातल्या मनात पुन्हा मोजले. सगळ्यांच्या माना मात्र कोपऱ्याकडे वळल्या.

“शाब्बास, भाऊराव,” श्रीधर म्हणाला. “वरून कीर्तन, आतून तमाशा.”

“म्या तांदूळ टाकला,” भाऊराव म्हणाले.

कोणीतरी हसलं.

“देवाची आन घेतो. दोन दिवस इचार केला. म्हटलं, बावन्न वर्षं सोवळं पाळून काय भेटलं? त्या पोरानं कोनाचं काय बिघडवलं? म्हनून तांदूळ टाकला.” ते शेषरावकडे वळले. “शेषराव, तू तरी सांग यायले.”

आता बोलावं, असं शेषरावला वाटलं. अगदी ओठापर्यंत आलं. मग तो म्हणाला, “जाऊ द्या ना. म्हातारं मानूस आहे, त्यायची सवय आहे. कोनी काई बोलू नका त्यायले.”

भाऊराव त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांना कळलं की नाही, देव जाणे. ते उठले, कोनाड्यातले देव एकेक करून पंच्यात बांधले आणि दुर्गला पुतण्याकडे जातो म्हणून निघाले. थांबा असं कोणीही म्हणालं नाही. शेषरावचं मोठं मन पाहून दोघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कवडू चौकातल्या चहाच्या टपरीपाशी पेटी आणि वळकटी घेऊन उभा होता. दाढी करून, धुतलेला सदरा घालून आला होता. शेषरावचं तोंड पाहूनच त्याने ओळखलं.

“किती निंगाले?”

“एकच.”

“कोनाचा?”

शेषरावने रस्त्याकडे पाहिलं. “भाऊरावजीचा.”

“हूं.” कवडूने चहाचा कप खाली ठेवला. “राहू दे. तू कायले तोंड पाडून राहिला? सहा जन तं हो म्हनले ना. मले वाटे, हो म्हननारा तू एकटाच असशीन.”

“आता कुठं जाशीन?”

“पाहू. दुर्गकडे कोनी ठेवते काय ते.” त्याने वळकटी खांद्याला अडकवली, टॉवेलची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि पेटीपाशी वाकला. “जरा हात लाव.”

शेषरावने दुसऱ्या बाजूने कडी धरली. दोघांनी मिळून पेटी उचलली आणि शेषरावने ती कवडूच्या डोक्यावर नीट, मधोमध बसवून दिली.