वाट न सोडलेली रांगोळी

माझा जन्म जूचंद्रच्या मिठागरावर, झोपडीत झाला. झोपडीला घर नंबर नव्हता, म्हणून रेशनकार्ड नव्हतं, आणि रेशनकार्ड नव्हतं म्हणून सरकारच्या लेखी आम्ही मायलेकी नव्हतोच. आई, रंभा तिचं नाव, मीठ ओढायची. पावसात मिठागर बंद पडलं की गावात भाताच्या लावणीला जायची. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख एक जून टाकून दिली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली होती, त्यामुळे बारावीपर्यंत कुणी काही विचारलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मात्र हेडक्लार्क दिनानाथ अडून बसले. २००३ सालची गोष्ट. फीची सवलत या राज्यात राहणाऱ्यांनाच मिळते, तेव्हा तू इथली असल्याचा दाखला आण, म्हणाले. समोर उभी असलेली मी त्यांना पुरत नव्हते.

मी आणि आई तलाठ्याकडे गेलो. तो म्हणाला, आई उंबरगावच्या पलीकडची, म्हणजे गुजरातची, दाखला तिकडून आणा. आई तिकडे जाऊन आली. तिकडचे म्हणाले, वीस वर्षांत तोंड दाखवलं नाहीस, आता कसला दाखला मागतेस? दोन सरकारांनी मिळून आम्हाला टोलवलं, आणि ती दोन्ही नियमानेच वागत होती.

जूचंद्रातली भागूबाई, जिच्या हाताखाली मी रांगोळी शिकले, तिने उपाय काढला. आईला म्हणाली, "माज्या घरान रेतंय असा सांग ना. मी सांगन तलाठ्याला."

आई ऐकेना. "मी मिठावर रेतंय. वीस वरसां रेतंय. चोरी केलीय का, लपवाला?"

मला आईचा असा राग आला! एक खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिने काही समजूत घातली नाही. ती सकाळी उठून कामावर गेली.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. दिनानाथनी मला ऑफिसात बोलावलं. "संमेलनाच्या दिवशी आईला घेऊन ये. दाखला नाहीतर पूर्ण फी. दोन्ही नसेल तर नाव कमी करतो. मग परीक्षेला बसायचं विसर."

ऑफिसातून बाहेर पडते तर प्राचार्या वसुंधरा मॅडम समोर. "अगं दिपिका, तुलाच शोधत होते. पाहुणे विद्यापीठातले मोठे अधिकारी आहेत. जूचंद्रच्या रांगोळीचं नाव ऐकून आहेत. दारात अशी काढ की बघत राहिले पाहिजेत."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझं नाव कमी करणार तेही हेच, आणि माझ्या हातावर मिरवणार तेही हेच. पण मी गोड हसले. "काढते की मॅडम."

कॉलेजात शिरायला एकच मोठं दार होतं. ऑफिस आत, हॉलही आत. भागूबाईने पहिल्या दिवशी शिकवलेलं, रांगोळी केवढीही काढ, पण माणसाला जायला बाजूने वाट ठेव. मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काढली, बोटभर जागा न ठेवता. काढला आईचा चेहरा. उन्हाने रापलेले गाल, कपाळावरच्या आठ्या, मिठाच्या झळीने लाल झालेले डोळे. केसांतल्या पांढऱ्यासाठी रांगोळी नाही वापरली, मिठागरावरचं मीठ चाळून वापरलं. आई रागावेल असं मनात आलं, पण हात थांबला नाही.

पाहुणे आले. मॅडम हसतमुखाने त्यांना घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थबकल्या. मागून शिक्षक आले, पोरं आली, हार घेतलेला शिपाई आला. सगळे पायरीखाली उभे. माणसाच्या तोंडावर पाय कोण देणार?

"दिपिका, वाट कुठे सोडलीस?" मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या.

"नाही सोडली."

"मग पूस थोडी बाजूने."

"मी नाही पुसणार. तुम्ही पुसा. माझं नाव आज पुसणारच आहात, तर आईचं तोंडही पुसून टाका." आवाज चढला होता माझा.

पाहुण्यांनी विचारलं, काय भानगड आहे. दिनानाथ पुढे सरसावले. "सर, नियमाचा प्रश्न आहे. मुलगी इथली असल्याचा पुरावा नाही." मॅडमनी शिपायाकडे पाहिलं. त्याने आवारातून केरसुणी आणली खरी, पण दाराशी येऊन ती खाली ठेवून दिली. "मॅडम, मला नाही जमणार," म्हणाला.

तेवढ्यात आई आली. कामावरून तशीच आलेली, पोटरीपर्यंत चिखल. गर्दीतून वाट काढत ती पुढे झाली, जमिनीवर बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो काय केलास?"

"कुणी आत जात नाहीये, आई. तुझ्या तोंडावर पाय द्यायला घाबरतात."

"माजाच तोंड हाय ना?" ती म्हणाली. "मंग मी देतंय पाय. मना कोन अडवनार?"

आणि ती चालत गेली. कपाळावरून, डोळ्यावरून, गालावरून. अख्खी सकाळ घालून मी केलेलं काम तिच्या चिखलाच्या पायांखाली फिसकटलं आणि मला रडू फुटलं, पण ते वाईट वाटून नव्हे. ती पलीकडे पोचली, दारात वळून उभी राहिली. आम्ही सगळे बाहेर होतो.

पाहुण्यांना काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथली," आई म्हणाली. "तुमी कुठले?"

त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी खाली, त्या मोडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दिनानाथ, मुलीचं नाव राहू द्या. फीची सवलतही लावा. दाखल्याचं काय ते कॉलेज बघेल."

"संमेलन झाल्यावर लिहितो, मॅडम."

"आधी लिव्हा," आई दारातून म्हणाली. "मंग आत या."

शिपायाने आतून रजिस्टर आणलं, आईच्याच पावलांवरून जपून. दिनानाथनी पायरीवर बसून लिहिलं. लिहून होईपर्यंत आई दारातून हलली नाही.