फोटोतलं जंगल

भागी मावशीच्या दाव्यापायी उमेशच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. खोडाळ्याच्या वरच्या उतारावर मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून नागली पिकवते, हे सगळ्या पाड्याला ठाऊक. जमीन जंगलखात्याची, ती नावावर करून घ्यायची तर दोन हजार पाचच्या आधीपासून तिथे शेती होती हे पटवावं लागतं. आणि पटवायचं कोणाला, तर उपग्रहाने आभाळातून काढलेल्या फोटोला! दावा नामंजूर झाला. कारण काय, तर फोटोत जंगल दिसतं.

शिकवतो त्या शाळेत रजा टाकून तो मावशीला घेऊन मोखाड्याच्या कचेरीत गेला. नकाशे तपासणाऱ्या हर्षदा मॅडम काही वाईट नव्हत्या. उलट त्यांनी मावशीला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणून तर उमेशला धड चिडताही येईना. त्यांनी संगणकावर त्या सालचा फोटो उघडला. शेजारी शेती करणाऱ्या जिवाच्या जमिनीचा तुकडा मातकट, मोकळा. जिवाने झाडं मुळासकट काढली होती, त्याला जमीन नावावर झाल्याचा पट्टा मिळाला. मावशीने रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे जमिनीवर पाला जाळायला, फक्त फांद्या छाटल्या, बुंधे राखले आणि मधल्या जागेत नागली लावली. तिचा तुकडा हिरवागार. संगणकाने त्याला जंगल ठरवलं आणि पाड्यातल्या म्हाताऱ्यांचे जबाब बाजूला पडले.

जिवाने तोडली म्हणून तो शेतकरी आणि हिने राखली म्हणून ही घुसखोर, हा कुठला न्याय, असं उमेशने विचारलं. मॅडम अपील करा म्हणाल्या; पण तिथेही हाच फोटो बघतील, हेही त्यांनीच सांगून टाकलं.

आणि मावशी? ती पडद्याला नाक लावून आपली झाडं ओळखत बसली होती. इथला हा मोह, त्याच्या खालच्या अंगाला ऐन. वरून किती छान दिसतात, म्हणाली. उमेशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, याच झाडांनी तुझी जमीन घालवली, असं तो तिथल्या तिथे बोलून गेला.

मावशी खुर्चीतून उठली. जीप भरली, सगळी वळणं संपली; ती बाहेरची झाडंच बघत होती. उगाच बोललो, असं उमेशला वाटत राहिलं. खोडाळ्याला उतरल्यावर तिने त्याच्याकडे पाहिलं.

"उमेश, शाळंत पोरांना झाडां राखा, असा शिकवतूस ना?"

"हो, मावशी."

"आता नको शिकवू. त्यांना जमिनी लागतील."