करीमभाईच्या डोक्यावरची देग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची देग आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मला हंडा किंवा पातेले म्हटलेले खपत नाही. हंड्यात पाणी भरतात. पातेल्यात घरापुरते कालवण होते. माझ्यात लग्नाचा कालिया शिजतो. आमच्या शहरात लग्न म्हटले की तंदूरमधली जाड नान आणि मटणाचा लाल तर्रीचा कालिया हवाच. तो चांगला झाला तर लोक आचाऱ्याचे नाव घेतात. माझे कोणी घेत नाही, पण आता त्याचे मला काही वाटत नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला. तांबटाने एका सपाट पत्र्याला इतके ठोकले, इतके ठोकले, की शेवटी त्या पत्र्याने पोट काढले, मान आवळली आणि काठ बाहेर वळवला. तीच मी. मग आतून कल्हई झाली. कल्हई म्हणजे कथिलाचा पांढरा मुलामा. ती नसली तर तांब्यातले आंबट अन्न कडू होते आणि बाधते. पहिल्यांदा कल्हई झाली तेव्हा माझ्या पोटात आरशासारखे तोंड दिसत होते. मी फार मिजासखोर झाले होते तेव्हा!

करीमभाई आचारी माझे मालक. त्यांच्या वडिलांनी मला घडवून घेतले आणि पुढे मी करीमभाईंच्या हाताखाली आले, की ते माझ्या, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माणूस बोलका आणि चुलीपुढे तापट. मीठ कोणी दुसऱ्याने घातले की त्यांचा पारा चढायचा. त्यांची बायको अख्तरी शांत, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. धाकटा भाऊ फारूख हाताखाली काम करायचा. त्याची उंची आणि बांधा अगदी थोरल्या भावासारखा होता. पाठमोरा उभा राहिला की अख्तरीसुद्धा फसायची.

आता आमची एक रीत सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावरच आहे. माझ्या थोरल्या बहिणी हातगाडीवर बसून जातात. मी मधल्या मापाची. मला रिकामी असताना डोक्यावर पालथी घेतात. डोक्यावर चुंबळ ठेवायची, मला उलटी करून खांद्यापर्यंत खाली ओढायची आणि दोन्ही हातांनी माझा काठ धरायचा. अशा माणसाला समोरचे दिसत नाही, फक्त पायाखालचा रस्ता दिसतो. ऐकू तर त्याहून कमी येते. माझ्या पोटात स्वतःचाच श्वास घुमतो, बाहेरचे बोलणे नुसती गुणगुण होते. करीमभाई या अंधारात गाणी म्हणायचे. आवाज बेताचा होता, पण माझ्या पोटात घुमला की त्यांना फार आवडायचा.

अशाच एका संध्याकाळी आम्ही गारखेड्याहून लग्न उरकून परत येत होतो. गल्ली अरुंद, म्हणून हातगाडी तोंडाशी थांबली. फारूख तिथे थोरल्या देगा उतरवू लागला. सुऱ्यांचे बासनही गाडीवरच होते. करीमभाईंनी मला डोक्यावर घेतले आणि ते गाणे म्हणत घराकडे निघाले.

त्या संध्याकाळी पोलीस एका दरोडेखोराला शोधत होते. एक फौजदार आणि त्यांच्यामागे एक शिपाई गल्लीत शिरले. फौजदारांनी मागून हाक मारली, "ए, थांब!" मला ती हाक तांब्यावर थरथरल्यासारखी कळली. करीमभाईंना कळली नाही. ते गातच राहिले. पुन्हा हाक आली आणि लगेच गोळी आली. ती माझ्या पाठीतून आत शिरली आणि करीमभाईंच्या मानेत गेली. गाणे थांबले. आम्ही दोघेही पडलो.

मित्रांनो, तेव्हा मला किती दुःख झाले ते मी नीट सांगू शकत नाही. मी तापलेली चूल सोसली आहे, हातोड्याचे घाव सोसले आहेत. पण माझ्या पोटात गाणारा माणूस गप्प झाला, ते मला सोसले नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कागदावर वेगळेच आले. देग जमिनीवर ठेवलेली होती, तिचे भोक जुने आहे, करीम सुरा घेऊन अंगावर धावून आला, म्हणून जीव वाचवायला गोळी झाडावी लागली. मानेत मागून कशी लागली? तर तो ऐन वेळी वळला. सुरासुद्धा दाखवला त्यांनी. आमच्या घरातला एकही सुरा कमी झालेला नव्हता.

आणि आमच्या माणसांनीही एक चूक केली. तशी चूक फक्त आचाऱ्याच्या घरीच होईल. शेजाऱ्यांनी मला गल्लीतून उचलून घरी आणले आणि बायांनी रडत रडत मला राख आणि चिंच लावून लख्ख घासून टाकले. वापरलेली देग न धुता ठेवायची नाही, ही त्या घराची शिस्त. रक्ताचा शेवटचा डाग मोरीतून वाहून गेला. अंगणात पालथी पडलेली मी चकचकीत दिसत होते. इतकी चकचकीत असल्याची लाज मला आधी कधी वाटली नव्हती.

चाळिसावा दिवस आला. मयताच्या नावाने जेवण घालायचे, तर ते त्याच्याच देगेत शिजावे असे अख्तरीच्या मनात होते. तिने कल्हईवाल्या चांदपाशांना बोलावले. त्यांनी अंगणात भट्टी पेटवली, भात्याने फुंकली, तांब्याचे ठिगळ कापले. खरे सांगू? मला बरे वाटले. भोक पडलेले कोणाला आवडते?

चांदपाशांनी मला आडवी केली तेव्हा अख्तरीने माझ्या भोकात बोट घातले. कडा आत वळलेल्या होत्या. तिचे बोट तिथेच थांबले.

"नको, चाचा. राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, मग हिच्यात शिजवणार कसं?"

"दुसऱ्या देगेत शिजवू. ते म्हणतात, देग जमिनीवर व्हती. हे भोक बुजवलं तर त्यांना विचारायला माझ्यापाशी काय उरलं?"

चांदपाशांनी भट्टीवर पाणी ओतले. अख्तरीने मला जुन्या चादरीत गुंडाळले आणि त्या दिवसापासून माझ्यात काही शिजले नाही.

मग आले वकील नानासाहेब. क्रांती चौकाजवळ त्यांचे छोटे ऑफिस होते. अख्तरीने त्यांना पहिल्याच भेटीत सांगितले, "वकीलसाब, मला दुसरं काय नको. माझा माणूस सुरा घेऊन कुणावर धावला नाय. येवढं कोर्टानं म्हणावं, आन् ज्यानं गोळी मारली त्यानं कोर्टात उभं राहून जवाब द्यावा."

नानासाहेबांनी तिला खोटी आशा लावली नाही. ते म्हणाले, "बाई, पोलिसालाही आपला जीव वाचवायचा हक्क आहे, तुमच्या-माझ्याइतकाच. पण तुमच्या-माझ्याइतकाच, जास्त नाही. खरंच जीवावर बेतलं होतं का, हे कोर्टाला विचारता येतं. वेळ मात्र लई लागंल."

लागला. कामावर असताना केलेल्या गोष्टीसाठी सरकारी माणसावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. प्रामाणिक माणसाला कोणी उगाच छळू नये म्हणून तो नियम आहे आणि तो वाईट नाही. पण त्याच्या आड लपायला जागाही भरपूर आहे. नानासाहेब अर्ज करत राहिले, वरच्या कोर्टात गेले, तिथे म्हणाले की खोटा सुरा दाखवणे हे काही सरकारी काम नव्हे. तोवर पुरावा म्हणून जमा केलेली मी कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत पडून होते. शेजारी गंजलेल्या सायकली, दारूचे डबे, एक फुटका रेडिओ. माझ्यावर हिरवा कळंक चढला. उंदरांनी माझ्यात संसार मांडला. तांबटाने पाहिले असते तर त्याला भडभडून आले असते. मी रागावले, कुढले, आणि वाट पाहिली.

दोन गोष्टी मात्र चांगल्या झाल्या. मंजुरी आली. आणि करीमभाईंच्या मानेतून निघालेली गोळी प्रयोगशाळेने पुन्हा तपासली, तेव्हा तिच्यावर तांबे आणि कथिल सापडले. माझे तांबे आणि माझी कल्हई. म्हणजे गोळी आधी माझ्यातून गेली आणि मग त्यांना लागली. जमिनीवर ठेवलेल्या देगेतून ती उभ्या माणसाच्या मानेत कशी जाईल?

खटला उभा राहिला तेव्हा फौजदारांच्या वकिलांनी पवित्रा बदलला. बरे, देग डोक्यावर होती असे धरू. पण हाक मारली होती ना? ती ऐकूनही माणूस थांबला नाही, म्हणजे पळत होता.

त्या दिवशी फारूख कोर्टात साक्षीला आला होता. सुनावणीनंतर मला परत खोलीत नेण्यासाठी त्याला बोलावले. सवयीने त्याने मला डोक्यावर पालथी घेतली. नानासाहेब मागून म्हणाले, "हळू, पायरी आहे." फारूख तसाच पुढे गेला आणि पायरीवर धडपडला. नानासाहेब मोठ्याने ओरडले, "फारूख!" तो तरीही चालतच होता. नानासाहेब जिन्यात उभे राहून बघत राहिले.

पुढच्या तारखेला त्यांनी न्यायाधीशांकडे एकच विनंती केली. फारूखने भर कोर्टात मला डोक्यावर घ्यावे. न्यायाधीशांनी परवानगी दिली. फारूख दरवाजाकडे तोंड करून उभा राहिला, दोन्ही हात माझ्या काठावर. नानासाहेबांनी मला हळूच फिरवले. माझे भोक त्याच्या मानेमागे आले, डॉक्टरांनी जिथे जखम लिहिली होती बरोबर तिथे. मग फारूखने पाऊल उचलले आणि न्यायाधीश स्वतः म्हणाले, "थांबा." तो चालतच राहिला. ते पुन्हा, खड्या आवाजात म्हणाले, "थांबा!" फारूख दरवाजापर्यंत गेला. तिथल्या शिपायाने माझ्यावर बोटांनी टकटक केले, तेव्हा तो थांबला आणि मला वर उचलून म्हणाला, "काय झालं?"

अख्तरीने पदर तोंडात धरला होता.

त्यानंतर बद्रीनाथ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला. त्या संध्याकाळी फौजदारांच्या मागे होता तोच शिपाई, करमाडचा, शेतकऱ्याच्या घरातला. सुरुवातीला त्याने वरच्यांनी लिहून दिले त्यावर सही केली होती. साक्षीच्या आदल्या दिवशी त्याला बजावण्यात आले होते, नीट विचार कर, नोकरी करायची आहे ना? नानासाहेबांनी विचारले, "सुरा होता का?" त्याने माझ्याकडे पाहिले.

"नव्हता, साहेब," तो म्हणाला. "दोन्ही हात वर व्हते. त्यो माणूस गाणं म्हणत चालला व्हता. म्या फौजदारसाहेबांना म्हणलो, जाऊन हात लावतो. पण तवर गोळी सुटली व्हती."

"मग आधी खोटं का सांगितलं?"

"भ्यालो, साहेब. माझी बायको द्वारका म्हणली, नोकरी गेली तर शेत हाय आपल्याला. पर त्या बाईच्या दारावरून कसं जाशील? म्हणून आलो."

मित्रांनो, मी आयुष्यभर खाकी कपड्याला शिव्या दिल्या असत्या, पण त्या दिवसापासून मला ते जमत नाही. गोळी झाडणारा खाकीतला होता आणि खरे बोलणाराही खाकीतलाच होता.

निकाल लागला. सदोष मनुष्यवधाबद्दल आणि खोटा पुरावा उभा केल्याबद्दल फौजदारांना सक्तमजुरी झाली. निकालात लिहिले होते की करीम कोणावरही धावून गेला नव्हता. बंदूक हातात दिलेल्या माणसाने गोळी झाडण्याआधी दुसरा मार्ग शोधायला हवा आणि झाडली तर उत्तर द्यायला हवे, वर्दी त्यातून सूट देत नाही. नानासाहेबांनी तेवढा भाग अख्तरीला दोनदा वाचून दाखवला. तिने विचारले, "नाव घेतलंय ना त्यांचं? करीम म्हणून?" त्यांनी बोट ठेवून दाखवले. तेव्हा ती पहिल्यांदा कोर्टात मोकळेपणाने रडली.

मी घरी आले. चांदपाशा आता थकले होते, तरी स्वतः आले. अख्तरी म्हणाली, "आता बुजवा, चाचा. विचारून झालं." ठिगळ बसले, कळंक उतरला, कल्हई झाली. माझे रूप पहिल्यासारखे नाही, पाठीवर ते ठिगळ चांगले उठून दिसते. त्या दिवशी माझ्यात गोड भात शिजला. बद्रीनाथ आणि द्वारकाबाई करमाडहून आले. त्याची नोकरी गेली नव्हती, बढती मात्र राहिली ती राहिलीच. अख्तरीने त्याला पहिले ताट वाढले. तो सगळा भात जेवला.

मित्रांनो, घरातल्या भांड्यांना जपा. त्यांना कल्हई करा, कळंक चढू देऊ नका. पण एखाद्या भांड्याला भोक पडले असेल आणि ते कसे पडले हे अजून कोणी सांगितले नसेल, तर ते घाईने बुजवू नका. आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी खाकी घातली, तर माझी आठवण ठेवा.

परवाचीच गोष्ट. फारूख आता म्हातारा झाला आहे, पण रीत सोडत नाही. मला डोक्यावर घेऊन क्रांती चौकाजवळून चालला होता. मागून कोणीतरी हाक मारली. ती थरथर मी ओळखली आणि माझे सगळे तांबे गार पडले. फारूखला अर्थातच काही कळले नाही. मग धावत्या बुटांचा आवाज आला. एक तरुण शिपाई आम्हाला वळसा घालून पुढे आला आणि त्याने माझ्यावर बोटांनी हळूच टकटक केले. फारूख थांबला. मला वर उचलून म्हणाला, "काय साहेब?"

"काय नाय, चाचा," शिपाई म्हणाला. "पुढं रस्ता खोदलाय. कवाच्या हाका मारतोय, ऐकूच येईना तुम्हाला. म्हणून म्हणलं, जवळ जाऊन सांगावं."