मास्तरांची पक्की शिवण

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांनी उभ्या आयुष्यात नवं असं काही घेतलं नव्हतं. हातात नवं कापड असे, पण ते गिऱ्हाइकाचं. गाडी घेतली ती मुलीपायी. तिचे दिवस भरत आले होते, दवाखाना नदीपलीकडे आणि जावई बोटीवर. शोरूममधल्या टायवाल्याने किल्ली देताना सांगितलं होतं की सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. मास्तरांनीही ते काढलं नाही. बसताना चरचर आवाज होतो, लोक वळून बघतात, असं बायको म्हणाली. त्यासाठीच, असं मास्तर म्हणाले.

नवव्या दिवशी दुपारी टपालाने नोंदणीचा कागद आला. मास्तरांनी चष्मा पुसून आपलं नाव वाचलं, मान डोलावली आणि खालच्या ओळीवर थबकले. आधीचे मालक : एक.

टायवाला फोनवर अजिबात गडबडला नाही, आणि मास्तरांना धास्ती वाटू लागली ती तिथपासून. ते नुसतं कागदोपत्री असतं, गाडी नवीच, असं तो म्हणाला. मास्तरांनी त्या गृहस्थांचा नंबर मागितला.

"ते आता गाडी चालवत नाहीत," टायवाला म्हणाला.

आणि त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं, हे विचारायला मास्तरांची जीभ रेटेना. शेजारची ती सीट त्यांनी मुलीसाठी मागे सरकवून ठेवली होती.

ते अंगणात गेले. त्याच सीटवरचं प्लॅस्टिक सोललं आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. दाराकडच्या कडेला हातभर टाके वेगळे लागले. बारीक, एकसारखे, बाकीच्या सीटपेक्षा कितीतरी सरस. आधी कौतुकच वाटलं. कोण बुवा हा कारागीर? मग आत दडवलेली गाठ हाताला लागली. तशी गाठ मारणारा माणूस त्यांच्या माहितीत एकच होता, आणि तो आत्ता गाडीत ओणवा झाला होता.

गेल्या वर्षी एक गॅरेजवाला सीटचं कव्हर घेऊन आला होता. धुतलेलं, अजून ओलं, कडेची शिवण फाटलेली. मास्तरांनी काही विचारलं नाही. पँट कुठे फाटली हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा दुकानाचा नियम. त्यांनी दुहेरी नायलॉनचा दोरा घालून शिवलं, 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी कंपनीचं नाव समजून सरळ रेषेत बसवली आणि वर हत्तीने ओढलं तरी उसवणार नाही अशी हमी दिली. गॅरेजवाल्याने खूश होऊन पोतंभर कात्रणंही मागून नेली होती.

गाडीचं माहितीपुस्तक त्यांनी आज पहिल्यांदा उघडलं. धडक बसताच सीटच्या कडेची शिवण उसवते, हवेची पिशवी फुगून बाहेर येते आणि माणूस वाचतो. शिवण मुद्दाम कच्ची ठेवली आहे, ती कृपया शिवू नये.

मास्तरांनी खिशातली कात्री काढली. दुहेरी दोरा दोनदा कात्री घातल्यावर तुटला. शिवण उसवली, आत हात घातला. हवेची पिशवी नव्हतीच. परकराची फुलं निघाली, शर्टाच्या कॉलरी निघाल्या, मुलीच्या ब्लाउजचं निळं अस्तर निघालं.

"बाबा," मुलगी दारात कंबर धरून उभी होती, "निघू या. आता नाही थांबवत."

बायको पिशवी घेऊन पुढचं दार धरायला आलीच. मास्तरांनी दार लावून त्याला पाठ टेकली.

"टॅक्सी बोलाव."

"नवी गाडी दारात असताना?"

"टॅक्सी."

टॅक्सीत मुलीने त्यांचं मनगट आवळून धरलं होतं. पुढच्या सीटवरून बायकोने हळूच सुचवलं की उसवलेलं शिवून गाडी विकून टाकावी. मास्तरांच्या हातची शिवण, कोणाला कळणार आहे?

"मलासुद्धा कळली नव्हती," मास्तर म्हणाले. "उसवलेलीच राहू दे."

मोकळा हात पुढे करून ते बायकोच्या सीटची कड चाचपत होते. टाके लांब, सैल, वाकडेतिकडे. चाळीस वर्षांत दुसऱ्याचं गचाळ काम बघून त्यांना पहिल्यांदाच बरं वाटलं.