खुर्चीतून दहा वेळा

मास्तरांनी बेचाळीस वर्षं बसून काढली. शिवणकाम म्हणजे बसकाम: पाय पायडलवर, पाठ वाकलेली, डोळे सुईवर. चालणं म्हणाल तर मशीनपासून कापायच्या टेबलापर्यंत, सहा पावलं. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी दुकान लेकीच्या हाती दिलं आणि जुनं मशीन घरी आणून खिडकीपाशी ठेवलं. बारीकसारीक दुरुस्त्या ते घरीच करायचे.

एका मंगळवारी सकाळी बायको बहिणीकडे गेलेली असताना त्यांच्या हातातून दोऱ्याची बॉबीन निसटली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. मास्तर आधी वाकले, मग गुडघ्यावर आले, मग बसलेच. बॉबीन मिळाली. उठायला गेले तर पाय ऐकेनात. टेबलाला धरलं, तर टेबल सरकायला लागलं. भिंतीला हात टेकून अर्ध्यात आले आणि पुन्हा बदकन खाली. दुखत तर कुठेच नव्हतं. फोन वर टेबलावर वाजत होता, लेकीचाच असणार. तो वाजून वाजून थांबला. शेवटी मास्तरांनी भिंतीला पाठ टेकली, टेबलावरून लोंबणारा, सुई टोचून ठेवलेला एक शर्ट खाली ओढला आणि काज करत बसले.

दोन तासांनी बायको आली.

"अहो, खाली काय करताय?"

"काज."

"वर बसून होत नाहीत का?"

मास्तरांनी दोरा तोडला. "मला उठता येत नाहीये," ते हळूच म्हणाले.

तिने दोन्ही हात धरून ओढलं. ती लहान चणीची. मास्तर हलले नाहीत, तीच त्यांच्या शेजारी येऊन बसली. मग तिने वरच्या मजल्यावरच्या बस ड्रायव्हरला बोलावलं. त्याने मास्तरांच्या काखेत हात घातले आणि "चला काका, शेवटचा स्टॉप आला," म्हणत त्यांना खुर्चीत बसवलं. मास्तर हसले, पण त्या दिवशी जेवताना मान वर करेनात.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हाडं ठीक, रक्त ठीक. पायांतली ताकद तेवढी गेली होती, आणि त्यावर गोळी नव्हती. त्यांनी मास्तरांना एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिशीतली, आखूड केसांची, कमी बोलणारी बाई. तिच्या खोलीत मोठमोठी यंत्रं असतील असं मास्तरांना वाटलं होतं. होती एक साधी लाकडी खुर्ची.

"हात न टेकता उठा काका. मग सावकाश बसा."

मास्तर चार वेळा उठले. पाचव्यांदा जमलं नाही.

"दहा वेळा व्हायला हवं. दिवसातून तीनदा, रोज."

"म्हणजे उठबशाच की. या वयात शिक्षा?"

"शिक्षा केव्हातरी संपते," ती म्हणाली. "हे चालूच ठेवायचंय."

नऊ दिवस मास्तरांनी इमानेइतबारे केलं. दहाव्या दिवशी गुडघा कुरकुरला. अकराव्या दिवशी एका कोटाचं अस्तर तातडीचं निघालं. मग उद्यापासून, मग सोमवारपासून, असं होत खुर्चीवर कपड्यांचा ढीग साचला. बायको एका शब्दाने बोलली नाही. चव्वेचाळीस वर्षं बोलून काय उपयोग होतो हे तिला माहीत होतं.

एका सकाळी मास्तर स्वयंपाकघरात आले, तर ती खुर्चीतून उठत होती, बसत होती. "अकरा. बारा."

"तुला कोणी सांगितलंय?"

"कोणी नाही. त्या दिवशी तुम्हाला ओढताना मीही खालीच बसले होते ना? दोघंही खाली बसून राहिलो तर दार कोण उघडणार?"

मास्तर परत गेले, खुर्चीवरचे कपडे पलंगावर टाकले आणि खुर्ची आत घेऊन आले.

तेव्हापासून चहाचं पाणी उकळेपर्यंत दोन खुर्च्या समोरासमोर. ती मोजायची, हे भांडायचे.

"हात टेकलात."

"बाही सावरली."

"बाही गुडघ्यावर कशी जाते?"

महिन्याभरात मास्तरांचे दहा झाले. मग फिजिओथेरपिस्ट बाईंनी जमिनीवरून उठायला शिकवलं: कुशीवर वळा, हातागुडघ्यांवर या, खुर्चीपर्यंत रांगा, बैठकीवर हात ठेवा, एक पाय पुढे, मग जोर. पहिल्यांदा चार मिनिटं लागली आणि मास्तर घामाघूम झाले. पण त्यांना ते आवडलं. कापड कापण्यासारखंच होतं ते. कुठून सुरुवात करायची हे कळलं की हात आपसूक चालतो.

तिसऱ्या महिन्यात त्यांची विजार मांडीत घट्ट व्हायला लागली. कापड आटलं असेल म्हणून त्यांनी टेप लावली. विजार होती तेवढीच होती, मांडी अर्धा इंच वाढली होती. आजवर त्यांनी लोकांच्या विजारी पोटाशी उसवल्या होत्या. मांडीशी उसवायची वेळ पहिल्यांदाच आली. शिवण सैल करून झाल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला आणि परीक्षेचा निकाल सांगावा तसं हे सांगितलं.

मग थंडीत ताप आणि खोकला आला. तीन आठवडे मास्तर अंथरुणाला खिळले. उठून खुर्चीत बसले, तर पाचच झाले. ते तडक बाईंकडे गेले.

"सगळं गेलं."

"पहिल्यांदा दहापर्यंत यायला किती दिवस लागले होते?"

"महिना."

"आता मोजा किती लागतात ते."

मास्तरांनी मोजले. सतरा लागले. त्यानंतर आजारपण आलं, पाहुणे आले, कंटाळा तर कितीदा आला. खुर्ची कधी दोन दिवस रिकामी राहायची, कधी चार. मग दोघांपैकी कोणीतरी ती ओढून समोर ठेवायचं.

उन्हाळा लागला तेव्हा ते दुकानात पायी जाऊ लागले, वाटेत एकदा थांबून. एकदा लेक एका सभागृहासाठी शिवायच्या पडद्याच्या कापडापुढे हताश उभी होती. कापड टेबलावर मावत नव्हतं, दोन्ही बाजूंनी लोळत होतं.

"जमिनीवर अंथर," मास्तर म्हणाले. "मी खुणा करतो."

"बाबा, खाली नका बसू. मी करते ना."

"तू गिऱ्हाईक बघ."

मास्तर खाली बसले. पट्टी सरकवत, खडू ओढत, मध्येच कुशीवर रेलत ते तासभर त्या कापडावरून फिरले. किती दिवसांत एवढं मोठं काम हाताखाली आलं नव्हतं. लेक दारात आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या झग्याचं माप घेत होती. वळून पाहते तर बाबा कापडाच्या पलीकडच्या टोकाशी उभे, विजारीवरचा खडू झटकत.

"कधी उठलात?"

"मघाशीच. ते टोक धर, आणि ताणून धर. घडी तिरकी पडली तर पुन्हा सगळं अंथरावं लागेल."